पाषाणांचे जीवनचक्र उलगडणारे जेम्स हटन

संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग होय. पन्नास वर्षे हा मनुष्याच्या आयुष्यातील फार मोठा काळ. संस्थेच्या आयुष्यातही त्यात दोन पिढ्या खर्ची पडलेल्या असतात. अशा प्रसंगी निघणाऱ्या ग्रंथात संतांची, वीरांची आणि समाजसुधारकांची चरित्रे यावीत हे उचितच आहे. आम्ही मात्र येथे एका निराळ्याच पुरुषाचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे. काळ मोजण्याची मनुष्याची मोजपट्टीच ज्यांनी बदलून टाकली, ते हे जेम्स हटन. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असतात. परंतु खडक हे काही निर्जीव, अचल असे पदार्थ नसून तेही जन्मतात, झिजतात आणि नव्या रूपाने पुन्हा उभे राहतात, हे प्रथम कोणाच्या आणि कसे ध्यानात आले, याची हकीकत त्या पाठांतराहून कितीतरी रोचक आहे.

जेम्स हटन यांचा जन्म १७२६ च्या जून महिन्यात स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. वडील विल्यम हटन हे प्रतिष्ठित व्यापारी असून त्यांनी नगराचे कोषाध्यक्षपदही भूषविले होते. जेम्स लहान असतानाच पितृछत्र हरपले आणि मुलांच्या शिक्षणाचा भार मातेने सांभाळला. वयाच्या चौदाव्या वर्षी जेम्स विद्यापीठात दाखल झाले. तेथे तर्कशास्त्राच्या एका व्याख्यानात अध्यापकांनी केवळ दृष्टांत म्हणून एक गोष्ट सांगितली : सोने कोणत्याही एका आम्लात विरघळत नाही, परंतु दोन आम्लांच्या मिश्रणात विरघळते. तर्कशास्त्र बाजूला राहिले आणि ती गोष्ट तेवढी या मुलाच्या मनात घर करून बसली. रसायनशास्त्राचा ध्यास लागला तो असा.

घरच्यांनी त्यांना वकिलीच्या उमेदवारीस ठेविले. पण दस्तऐवजांच्या नकला करण्याऐवजी हे चिरंजीव कचेरीतील इतर उमेदवारांना रसायनांचे प्रयोग करून दाखवीत. वकीलमहाशय समंजस होते; त्यांनी या तरुणास आपल्या बंधनातून मोकळे केले. मग रसायनशास्त्राशी त्यातल्या त्यात जवळचे म्हणून हटन वैद्यकाकडे वळले. एडिंबरो, पॅरिस असा अभ्यास करून १७४९ साली त्यांनी हॉलंडमधील लायडन येथे वैद्यकाची पदवी संपादन केली. तिच्यासाठी लिहिलेला प्रबंध रक्ताभिसरणावर होता. शरीरात रक्त फिरत राहते म्हणून शरीर जगते, या विचाराशी त्यांचा असा तरुणपणीच परिचय झाला होता. पुढे पृथ्वीकडे पाहताना त्यांना सर्वत्र अभिसरणच दिसले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

वैद्यकी मात्र त्यांनी कधी केली नाही. जेम्स डेव्ही या मित्रासमवेत त्यांनी धुराड्यांतील काजळीपासून नवसागर तयार करण्याची युक्ती शोधून काढली होती. आपल्याकडील कल्हईवाल्याच्या पेटीतील नवसागर तो हाच. त्या काळी तो युरोपात इजिप्तहून येत असे आणि धातुकामाला व रंगकामाला त्याची मोठी गरज असे. एडिंबरोसारख्या कोळसा जाळणाऱ्या शहरात काजळीला काय तोटा ! या कारखान्याने हटन यांना आयुष्यभर पुरेल असे उत्पन्न मिळवून दिले. पुढील सर्व संशोधनास लागणारी फुरसत या काजळीतूनच निघाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील बर्विकशर परगण्यात त्यांची वडिलार्जित शेतजमीन होती. डॉक्टर झालेला हा नागर गृहस्थ शेती करावयास निघाला, आणि तीही शास्त्रशुद्ध रीतीने. प्रथम इंग्लंडमधील नॉर्फक येथे एका शेतकऱ्याकडे राहून त्यांनी प्रगत शेतीचे शिक्षण घेतले. हॉलंड व फ्लँडर्सची शेतीही पाहिली. मग १७५४ च्या सुमारास नॉर्फकचा एक नांगऱ्या सोबत घेऊन ते आपल्या जमिनीवर येऊन राहिले. दगडगोटे वेचणे, चर खणणे, बांध घालणे यांत त्यांची सुमारे चौदा वर्षे गेली.

याच शेतावर त्यांच्यासमोर तो प्रश्न उभा राहिला. दर पावसाळी सरींबरोबर शेतातील माती ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात. ती परत येताना कोणी पाहिली नाही. शेतकऱ्याला हे नुकसान दरवर्षी दिसतेच. पण हटन यांनी ते शेवटपर्यंत नेऊन पाहिले. माती कशापासून होते ? खडक झिजून. म्हणजे पीक यावयाचे तर माती हवी, माती हवी तर खडक झिजला पाहिजे, आणि खडक झिजत राहिला तर एके दिवशी डोंगर, पठारे, सारी भूमीच समुद्रात जाऊन बसणार. जी झीज जीवसृष्टीला पोसते तीच तिचा आधार नाहीसा करते. तेव्हा एक तर ही पृथ्वी हळूहळू मरणपंथाला लागलेली आहे, अथवा जुनी भूमी जात असताना कोठेतरी नवी भूमी घडत असली पाहिजे. हटन हे ईश्वराच्या योजकतेवर श्रद्धा ठेवणारे होते. जीवांच्या निवासासाठी निर्मिलेली ही सृष्टी नुसती ढासळण्यासाठी असेल, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. म्हणून त्यांनी नव्या भूमीचा शोध आरंभिला.

त्या काळच्या समजुती काय होत्या, हे येथे सांगितले पाहिजे. आयर्लंडमधील आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधील वंशावळींच्या आधारे गणित मांडून सृष्टीची उत्पत्ती इ. स. पू. ४००४ मध्ये झाली असे ठरविले होते. म्हणजे हटन यांच्या काळी पृथ्वीचे वय जेमतेम पावणेसहा हजार वर्षे. विद्वानांमध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथील अब्राहाम व्हेर्नर यांच्या मताचा दबदबा पुढे वाढत गेला. आरंभी सर्व पृथ्वीवर एक महासागर होता, त्याच्या पाण्यातून प्रथम ग्रॅनाइट आणि मग एकामागून एक इतर खडक साकळत गेले, पाणी ओसरले आणि जमीन उघडी पडली, असे हे मत. यात खडकांची निर्मिती एकदाच होते. त्यानंतर उरते ती केवळ झीज. हटन यांच्या प्रश्नाला यात उत्तर नव्हते.

१७६८ च्या सुमारास शेती खंडाने देऊन हटन एडिंबरोस परतले आणि सेंट जॉन्स हिल येथे घर बांधून बहिणींसमवेत राहू लागले. ते अविवाहित होते, राहणी साधी, आहार मोजका, मद्य वर्ज्य. घरातील खोल्या मात्र दगडांच्या नमुन्यांनी भरलेल्या. घरासमोर सॉल्झबरी क्रॅग्ज नावाचे काळ्या खडकाचे कडे उभे होते. या नगरात त्या वेळी बुद्धिमंतांचा जो मेळावा जमला होता, तसा क्वचितच जमतो. उष्णतेचे स्वरूप शोधणारे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि अर्थशास्त्राचे प्रणेते अॅडम स्मिथ हे हटन यांचे जिवलग. तिघांनी मिळून एक मंडळ चालविले होते, त्याच्या बैठका दर आठवड्याला होत. वाफेच्या यंत्राचे जेम्स वॉट हेही स्नेही. गणिताचे अध्यापक जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल हे वयाने धाकटे मित्र. स्मिथ यांनी अंतकाळी आपली हस्तलिखिते ज्यांच्यावर सोपविली ते ब्लॅक आणि हटन हे दोघेच होते, यावरून या मैत्रीची कल्पना यावी.

तीस वर्षांच्या चिंतनानंतरही हटन यांना ग्रंथ लिहिण्याची घाई नव्हती. १७८३ साली एडिंबरोची रॉयल सोसायटी स्थापन झाली आणि नव्या संस्थेसाठी काहीतरी सादर करावे, असा मित्रांनी आग्रह धरला. १७८५ च्या मार्च महिन्यात त्यांच्या निबंधाचा पहिला भाग वाचला गेला. हटन स्वतः आजारी असल्यामुळे तो ब्लॅक यांनी वाचला; दुसरा भाग एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः वाचला. त्यातील विचार थोडक्यात असा. डोंगर झिजतात, त्यांची रेती व चिखल समुद्रतळाशी थरावर थर साचतात. पृथ्वीच्या उदरात प्रचंड उष्णता आहे. तिच्या आणि वरच्या भाराच्या योगाने हे थर घट्ट होऊन खडक बनतात. तीच उष्णता त्यांना उचलून समुद्राबाहेर काढते, वाकविते, चुरगाळते. कोठे कोठे वितळलेला शिलारस वर घुसून थिजतो. अशी नवी भूमी तयार होते आणि ऊन, पाऊस, वारा तिला झिजवू लागतात. शेतातील माती परत येत नाही असे वाटत होते. ती येते, पण पर्वत होऊन येते. झीज आणि घडण ही दोन निराळी कार्ये नसून एकाच रहाटाचे खाली जाणारे आणि वर येणारे पोहरे आहेत.

हा विचार अर्थातच पुराव्यावाचून कोणी मानणार नव्हता, आणि गंमत अशी की हटन यांनी सर्वांत मोलाचे पुरावे निबंध वाचून झाल्यावर शोधले. ग्रॅनाइट हा वितळलेल्या स्थितीतून थिजलेला खडक असेल, तर त्याचे फाटे शेजारच्या जुन्या खडकांत घुसलेले कोठेतरी सापडले पाहिजेत. व्हेर्नर यांच्या मताप्रमाणे तर ग्रॅनाइट सर्वांत जुना. नंतरच्या खडकांत तो घुसणार कसा? १७८५ मध्येच हटन उत्तर स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट या दरीत गेले. तेथे नदीच्या पात्रात तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळपट, थरदार खडकांना भेदून गेलेल्या त्यांना दिसल्या. साठीच्या उंबरठ्यावरील या गृहस्थाला इतका हर्ष झाला की, बरोबरच्या वाटाड्यांना यांना सोन्याची किंवा चांदीची खाणच सापडली असे वाटले !

त्याहून मोठा पुरावा १७८८ साली मिळाला. हॉल यांच्या डनग्लास येथील इस्टेटीवरून हटन, प्लेफेअर आणि हॉल असे तिघेजण नावेत बसून बर्विकशरच्या किनाऱ्याने निघाले. सिकर पॉइंट नावाच्या खडकाळ टोकाशी लाटांनी कडा धुऊन स्वच्छ केला होता. तेथे खाली करड्या खडकाचे थर पुस्तके फळीवर उभी ठेवावीत तसे उभे होते. आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरलेले होते. तांबड्या थरांच्या तळाशी खालच्या करड्या खडकाचेच तुकडे अडकलेले दिसत होते.

हटन यांनी आपल्या सोबत्यांना हे दृश्य वाचून दाखविले. गाळ नेहमी आडवा बसतो. तेव्हा करडे थर प्रथम समुद्रतळाशी आडवे साचले असले पाहिजेत. मग ते घट्ट झाले, दुमडून उभे झाले, पाण्याबाहेर आले. मग युगानुयुगे झिजून त्यांचा माथा सपाट झाला. त्यावर दुसऱ्या कोण्या भूमीच्या झिजेतून आलेली तांबडी वाळू साचली, तिचाही खडक झाला, तोही उचलला गेला, आणि आज समुद्र त्या दोहोंनाही झिजवीत आहे. दोन खडकांमधील ती एक रेघ म्हणजे एका संपूर्ण जगाचा अंत आणि दुसऱ्याचा आरंभ. भूविज्ञानात अशा सांध्याला विसंगती म्हणतात. आजच्या मापनाप्रमाणे तेथील करडा खडक सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर तांबडा सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या रेघेत साडेसहा कोटी वर्षे दडलेली आहेत. हटन यांच्यापाशी हे आकडे नव्हते. एका शेतातून एका वर्षात किती माती जाते हे मात्र त्यांना ठाऊक होते, आणि तेवढ्यावरून हा हिशेब हजारांत बसणारा नाही हे त्यांनी ओळखले.

पृथ्वीला आरंभच नव्हता, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्या खडकांना आपण सर्वांत जुने समजतो तेही त्याहून जुन्या खडकांच्या झिजेतून झालेले आढळतात. म्हणून खडकांच्या साक्षीवरून आरंभाची वा अंताची खूण लागत नाही, एवढेच त्यांचे प्रतिपादन होते. परंतु तेवढ्याने खळबळ माजली. १७९३ साली आयरिश रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कर्वन यांनी या मताचे खंडन केले, इतकेच नव्हे तर ते नास्तिकतेकडे नेणारे आहे असा ठपका ठेविला. श्रद्धाळू हटन यांना हा घाव वर्मी लागला. मूत्राशयाच्या असह्य व्याधीने ते त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते. तरीही टीका हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुनी हस्तलिखिते काढून ग्रंथ सिद्ध करावयास घेतला. १७९५ साली त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले. सत्य हे की, तो ग्रंथ फारसा कोणी वाचला नाही. हटन यांचे बोलणे जितके प्रसन्न आणि स्पष्ट, तितकेच त्यांचे लेखन लांबलचक आणि क्लिष्ट. त्यात फ्रेंच ग्रंथांतील उताऱ्यांनी पानेच्या पाने भरलेली. तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित तर मागेच राहिले. त्यातील उपलब्ध भाग छापला जाण्यास १८९९ साल उजाडावे लागले.

२६ मार्च १७९७ रोजी, वयाची ७० वर्षे पूर्ण झालेली असताना, हटन यांनी देह ठेविला. त्या दिवशीही ते खनिजांच्या नामकरणाविषयी टिपणे लिहीत होते. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. ज्याने पाषाणांना बोलते केले त्याच्या समाधीवर नावाचा पाषाण बसावयास मात्र १९४७ साल यावे लागले.

त्यांचे मत या ग्रंथाबरोबरच गाडले गेले असते. ते वाचले ते मित्रांमुळे. प्लेफेअर यांनी पाच वर्षे खपून हटन यांचा सिद्धान्त सुबोध आणि डौलदार इंग्रजीत मांडला व १८०२ साली प्रसिद्ध केला. हॉल यांना प्रयोगाची आवड. पण भट्टीतील मुशीवरून पृथ्वीच्या उदराची परीक्षा करणे हटन यांना मान्य नव्हते, म्हणून वडीलधाऱ्या मित्राचा मान राखून ते बराच काळ थांबले होते. मग त्यांनी वितळलेला खडक सावकाश थंड केला असता काच न होता पुन्हा खडकासारखा स्फटिकमय होतो, आणि बंद नळीत दाबाखाली तापविलेला खडू व चुनखडक संगमरवरासारखा होतो, हे दाखवून दिले. हटन वारले त्याच वर्षी जन्मलेले चार्ल्स लायल यांनी १८३० पासून हा विचार जगभर नेला. रूपांतरित खडक हे नावही त्यांनीच रूढ केले. लायल यांच्या ग्रंथाचा पहिला खंड सोबत घेऊन तरुण चार्ल्स डार्विन १८३१ साली बीगल जहाजावर चढले. जीवांच्या उत्क्रांतीला लागणारा अफाट काळ त्यांना या खडकांनीच पुरविला.

हटन यांचे सर्वच विचार टिकले असे नव्हे. गाळाचा खडक होण्यास ते मानीत तितकी उष्णता लागत नाही. वरचा दाब आणि पाण्यातील खनिजांचे बंधन त्याला पुरते. भूमी उचलली जाते ती कशामुळे, याचे समाधानकारक उत्तर भूपट्टांच्या सरकण्याच्या सिद्धान्ताने १९६० नंतरच्या दशकात दिले. पृथ्वीचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या साहाय्याने सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरले. पण चक्राची मूळ कल्पना आजही तीच आहे.

आणि हे चक्र पाहावयास स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हाचा आहे. हटन यांच्या घरासमोरच्या कड्याचा तो दूरचा आप्तच. घाटात डोंगर फोडून केलेल्या रस्त्याच्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पहिला थर थिजल्यावर त्याची माती होण्याइतका काळ गेला आणि मग दुसरा लाव्हा आला, असे तो पट्टा सांगतो. तिरुमलेच्या घाटात अतिप्राचीन ग्रॅनाइटवर गारगोटीच्या खडकाचे थर बसलेले दिसतात. तोही सिकर पॉइंटसारखाच सांधा असून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून तो जतन केलेला आहे. आपल्या देवघरातील शाळिग्राम हा तर लुप्त सागरातील शंखधारी जीवाचा अश्म. तो हिमालयातील गंडकीच्या पात्रात सापडतो, म्हणजेच समुद्राचा तळ पर्वत झाला याची साक्ष आपण नित्य गंधाक्षतांनी पूजीत असतो. दख्खनच्या पाषाणाची काळी माती गोदावरी आणि कृष्णा आजही बंगालच्या उपसागराकडे नेत आहेत. वाटेत ती परप्रांतांतील शेते पिकविते आणि शेवटी समुद्रतळाशी पुढील कोण्या युगाच्या खडकाचा पहिला थर बनते. महाराष्ट्रापासून दूर येऊन स्थिरावलेल्या आम्हां मंडळींना या मातीच्या प्रवासाचे अगत्य वाटावे, यात नवल नाही.

कोट्यवधी वर्षांच्या या हिशेबात पन्नास वर्षांची नोंद कोठे करावयाची, असे कोणी विचारील. हटन यांचेच चरित्र त्याचे उत्तर देते. त्यांचा विचार जगासमोर आला तो दोन वर्षे वयाच्या एका नव्या संस्थेच्या सभेत, एका मित्राच्या तोंडून. आणि तो टिकला तो दुसऱ्या मित्राच्या लेखणीने. डोंगर झिजविणारा पावसाचा थेंब आणि भूमी घडविणारा मातीचा कण हे दोन्ही अत्यंत क्षुद्रच असतात. ते थांबत नाहीत, एवढेच त्यांचे सामर्थ्य. आठवड्यामागून आठवडा बैठका भरवीत राहणाऱ्या, एकमेकांचे लिखाण ऐकणाऱ्या आणि गेलेल्या सोबत्याचे अपुरे काम पुरे करणाऱ्या माणसांचेही तसेच असते.